सात किलोचं प्रेशर आणि चव्वेचाळीस किलोचा धक्का

घोडबंदरी (धागाकर्ता)
१८ एप्रिल, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. उजव्या खांद्याला शेक देत डाव्या हाताने टाइप करतोय, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

आमची सोसायटी घोडबंदर रोडला, चौदा मजली तीन विंग. सध्या अग्निशमन सप्ताह चालू आहे. कमिटीने ठरवलं की यंदा नुसती शिट्टी वाजवून जिना उतरायचा नाही, पाइप खरोखर सोडून बघायचा. एजन्सीचा माणूस आला, कंपाउंडमधल्या हायड्रंटला (आग विझवायच्या पाण्याच्या नळाला) पाइप जोडला आणि मला म्हणाला, "साहेब, ब्रँच तुम्ही धरा, फोटो चांगला येईल." धरली. ब्रँच म्हणजे पाइपच्या टोकाची नॉझलवाली नळी. पितळी, थंडगार, हातभर लांब. वॉचमनने व्हॉल्व्हचं चाक गरागरा फिरवून पूर्ण उघडलं. चपटा पडलेला पाइप फुगत फुगत माझ्याकडे धावत आला. आधी फुस्स करून हवा, मग दोन पिचकाऱ्या, आणि मग मी तीन पावलं मागे जाऊन कुंड्यांच्या कट्ट्यावर आपटलो. ब्रँच सोडली नाही (अक्कल नव्हती म्हणून, शौर्य म्हणून नव्हे). पाण्याची धार बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर गेली, तिथे चादरी वाळत होत्या. तो विषय वेगळा.

माझा प्रश्न असा. पंपाजवळच्या गेजवर सात किलो होतं, मी स्वतः बघितलं. सात किलो म्हणजे तांदळाची एक बरी पिशवी. माझं वजन ६८ किलो. मी मागे गेलोच कसा? आणि पाणी पुढे जात असताना मला मागे ढकलणारा कोण?

खाडीपलीकडचा
१८ एप्रिल, रात्री १०:०५

आधी सांगा, फोटो चांगला आला का?

उलटतपासणी
१८ एप्रिल, रात्री १०:२१

यात काय कोडं आहे? न्यूटनचा तिसरा नियम. पाणी समोरच्या हवेवर आपटतं, हवा ते मागे रेटते, तो रेटा पाण्यातून तुमच्यापर्यंत येतो. भिंतीजवळ उभं राहून मारलं तर आणखी जोरात बसेल.

वेगाची दिशा
१८ एप्रिल, रात्री ११:४०

नियम बरोबर, पण तो लावला भलत्याच ठिकाणी. (ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, हे उत्तर दरवर्षी निम्मा वर्ग देतो.) हवेचा यात काही संबंध नाही. हवा काढून टाकली तरी धक्का तेवढाच बसेल, रॉकेट जिथे चालतं तिथे हवा कुठे असते? आणि भिंतीचं म्हणाल तर धार एकदा नॉझलमधून सुटली की ती पुढे कशावर आपटते हे मागच्या माणसाला कळायला मार्गच नाही. भिंतीवरून उडालेलं पाणी तोंडावर येईल, तेवढंच.

हिशोब असा करा. ६३ मिमीच्या पाइपात पाणी निवांत चाललेलं असतं, सेकंदाला चारेक मीटर. नॉझलच्या २० मिमी भोकातून तेच पाणी बाहेर पडतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३७ मीटर असतो. म्हणजे ताशी १३० किलोमीटरच्या वर. आणि पाणी थोडंथोडकं नाही, दर सेकंदाला पावणेबारा लिटर, म्हणजे पावणेबारा किलो. अर्धी बादली भरेल एवढं पाणी तुम्ही सेकंदा-सेकंदाला एक्स्प्रेसवेवरच्या गाडीच्या वेगाने भिरकावताय. भिरकावणाऱ्याला मागे रेटा बसणारच. पावणेबारा गुणिले ३७, साधारण ४४० न्यूटन. वजनाच्या भाषेत ४४ किलोच्या आसपास.

ओल्या टाइल्सवर चपलेची पकड फार तर वजनाच्या तीस-चाळीस टक्के. तुमच्या ६८ किलोवर ती पंचवीसेक किलो झाली. तुम्ही तीनच पावलं मागे गेलात हे नवल.

पान्हा नंबर बारा
१९ एप्रिल, सकाळी ७:१२

पंप आणि पायपिंगची कामं करतो, रबाळ्याला गाळा आहे. आमच्या धंद्यात "सात किलो प्रेशर" म्हणतात ते सात किलो प्रति चौरस सेंटीमीटर. नखाएवढ्या जागेवर सात किलो. बोलताना पुढचं गळून पडतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं सात किलो म्हणजे सात किलोच. बार म्हणतात तेही जवळजवळ तेवढंच.

त्यामुळे तांदळाची एक पिशवी नाही साहेब, भोकाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरला एक पिशवी. २० मिमीच्या भोकाचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटीमीटर. तीन पिशव्या आणि वर थोडं.

उलटतपासणी
१९ एप्रिल, सकाळी ९:३०

धरलं! सात गुणिले ३.१४ म्हणजे २२. मास्तर म्हणतात ४४. दुप्पट कुठून आलं? दोघांतलं एक कोणीतरी चुकतंय.

वेगाची दिशा
१९ एप्रिल, दुपारी १:१५

कोणी चुकत नाही. प्रश्न मात्र फक्कड आहे, वर्गात इतकी वर्षं कोणी विचारला नव्हता.

२२ किलो कधी, तर भोक बंद असताना. बुचावर पाणी २२ किलोने रेटत असतं, बूच काढलं की पुढचा तेवढा आधार गेला आणि मागचा रेटा मोकळा झाला. इथपर्यंत पान्हासाहेबांचा हिशोब बरोबर. पण बूच काढल्यावर पाणी धावायला लागतं, आणि नॉझल जिथे निमुळतं होत जातं तिथे ते सगळ्यात जोरात धावतं. धावत्या पाण्याचा दाब कमी होतो. नॉझलच्या आतल्या उतरत्या भिंतीवर पाणी आधी पूर्ण सात किलोने पुढे रेटत होतं, तो रेटाही आता घटला. पुढची बाजू दोनदा हलकी झाली. एकदा भोकामुळे आणि एकदा भोकाभोवतीच्या भिंतीमुळे. दुसरी घट बरोब्बर पहिल्याएवढीच निघते, म्हणून दुप्पट.

सूत्र पाठ करायचं तर दाब गुणिले भोकाचं क्षेत्रफळ गुणिले दोन. सात, ३.१४, दोन. ४४.

कुंडीतली तुळस
१९ एप्रिल, दुपारी ३:४८

मध्येच घुसते. आमची गच्चीवर बाग आहे, नौपाड्यातली जुनी तीन मजली इमारत. नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी पार टोकाच्या कढीपत्त्यापर्यंत जातं, नाहीतर पायाशीच लोळण घेतं. मग अंगठ्याने प्रेशर वाढतं ना? आणि माझ्या हाताला तर काहीच धक्का बसत नाही.

पान्हा नंबर बारा
१९ एप्रिल, संध्याकाळी ६:०२

ताई, अंगठा प्रेशर तयार करत नाही, वाचवतो. तुमची टाकी गच्चीवरच्याच कट्ट्यावर असणार, म्हणजे नळापासून तीन मीटर वर. दहा मीटर उंचीला एक किलो हा ठोकताळा, तर तुमच्याकडे आहे जेमतेम पाव किलो. नळी मोकळी सोडली की ते सगळं नळीच्या आत घासण्यात संपतं, तोंडाशी काही उरत नाही. अंगठा लावला की पाणी कमी वाहतं. पाणी निम्मं झालं की घर्षणाचं नुकसान पावपट होतं. उरलेलं प्रेशर अंगठ्यापाशी येतं आणि तिथून धार सुटते.

बादली मात्र अंगठा लावून उशिराच भरेल. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी याच असतात, "नळाला प्रेशर आहे पण पाणी नाही" किंवा उलट. आणि अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंची नळी घ्या. तेवढ्याच पाण्याला नुकसान सातव्या हिश्शाहूनही कमी, दुकानदार हे कधी सांगत नाही.

वेगाची दिशा
१९ एप्रिल, रात्री ८:३३

तुळसताईंना धक्का का बसत नाही याला जोडून तीन पाइप शेजारी शेजारी ठेवतो, म्हणजे हा निव्वळ प्रेशरचा खेळ नाही हे दिसेल.

पहिला, गाडी धुवायचं प्रेशर वॉशर. प्रेशर शंभर किलो! पण पाणी मिनिटाला साडेसहा लिटर. वेग सेकंदाला १४० मीटर, धक्का फक्त दीड किलो. एका हाताने धरून दुसऱ्या हाताने फोनवर बोलता येतं. (हात मात्र धारेसमोर नेऊ नका, कातडी फाडून पाणी आत जातं.)

दुसरा घोडबंदररावांच्या रोजच्या पाहण्यातला, टँकरचा. दहा हजार लिटरचा टँकर चौदा मिनिटांत रिकामा होतो असं धरा. सेकंदाला बारा लिटर, म्हणजे तुमच्या ब्रँचमधून जेवढं गेलं तेवढंच. पण तीन इंची मोकळा पाइप, वेग पावणेतीन मीटर. धक्का सव्वातीन किलो. क्लीनर त्यावर एक पाय ठेवून तंबाखू मळत उभा असतो.

तिसरी तुमची ब्रँच. टँकरएवढं पाणी आणि वेग त्याच्या तेरा-चौदा पट. ४४ किलो.

खाडीपलीकडचा
१९ एप्रिल, रात्री ८:५०

म्हणजे दहीहंडीला टँकरच्या पाइपने गोविंदा भिजतात पण थर कोसळत नाही, ते यामुळे. तिथे ब्रँच आणली तर हंडीऐवजी गोविंदाच फुटेल.

जुना ब्रँचमन
२० एप्रिल, सकाळी ६:२५

बरेच दिवस वाचत होतो, आज लिहावंसं वाटलं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीच्या फायर सेक्शनमध्ये ३१ वर्षं काढली. आता कोपरखैरण्याला नातवंडं सांभाळतो.

पहिली गोष्ट, धागाकर्त्यांना रागावतो, वयाने मोठा असेन म्हणून. एकट्याच्या हातात २० मिमीची ब्रँच सात किलोवर देणारा आणि घेणारा, दोघेही चुकले. हायड्रंटच्या टोकाला साडेतीन किलो मिळालं तरी चालतं, तुमचा हायड्रंट पंपाच्या उशाशी असल्याने सगळंच्या सगळं मिळालं. सरावाला १२ मिमीचं नॉझल लावायचं. मास्तरांच्या सूत्राने तेच प्रेशर, धक्का सोळा किलो.

दुसरी, धरायची पद्धत. डावा पाय पुढे, गुडघ्यात वाकलेला. अंग पुढे झुकलेलं, जणू बंद पडलेली रिक्षा ढकलताय. ब्रँच छातीशी नाही, कमरेशी, काखेत दाबून. दुसरा माणूस तुमच्या मागे, पाइपच्या त्याच बाजूला, हात-दीड हातावर. त्याने ब्रँच धरायची नाही, पाइप धरायचा आणि तुमच्या पाठीला खांदा द्यायचा. व्हॉल्व्हवाल्याने ब्रँचमनकडे बघत राहायचं, हात वर झाल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही, आणि उघडायचं ते अर्धा फेरा, थांब, अर्धा फेरा. मोबाइलकडे बघत व्हॉल्व्ह उघडणारा माणूस मी सेक्शनमधून घरी पाठवलेला आहे.

तिसरी. ब्रँच सुटली तर तिच्या मागे धावायचं नाही. पितळेचं ते डोकं सापाने फणा आपटावा तसं आपटतं. माझ्या देखत एकाचं मनगट गेलं. सगळ्यांनी लांब व्हायचं आणि व्हॉल्व्ह बंद.

चौथी, एकटेच सापडलात तर. पाइपचं जमिनीवर मोठं कडं करायचं, ब्रँच त्या कड्याखालून पुढे काढायची आणि जिथे पाइपवर पाइप येतो तिथे चक्क बसायचं. दिसायला गमतीचं दिसतं. तासभर मारा करू शकता.

आणि सप्ताहाबद्दल. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन बोटीचा स्फोट झाला, आगीशी झुंजणारे फायर ब्रिगेडचे ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीचा हा आठवडा आहे. फोटोसाठी ब्रँच धरू नये एवढीच विनंती.

घोडबंदरी
२० एप्रिल, रात्री ९:१०

काका, कान पकडले. (डाव्या हाताने.)

पण आता डोक्यात किडा शिरलाय. मास्तरांचं सूत्र मला स्वतः मोजून बघायचंय. ब्रँचला हात लावणार नाही, शपथ. पोडियमवर लाल फर्स्ट एड रील आहे, ३० मीटरची रबरी नळी, पुढे बोटभर नॉझल. पुढच्या रविवारी टाकी साफ करायची आहे, पाणी तसंही सोडायचंच आहे. घरात सामानाच्या बॅगा मोजायचा लोंबता काटा आहे. जमेल का?

वेगाची दिशा
२० एप्रिल, रात्री १०:४४

जमेल. भोक मोजा, आणि एखादं पिंप किती वेळात भरतं ते मोजा. एवढ्यावर धक्का कागदावर काढता येतो. मग काट्याशी ताडून बघा.

घोडबंदरी
२६ एप्रिल, दुपारी ४:३०

फसलं.

सकाळी दहाला मी, मुलगा आणि वॉचमन. नॉझलचं भोक ड्रिलचा बिट घालून मोजलं, ६ मिमी. बंद असताना रीलच्या गेजवर ३.८ किलो (टाकी चौदाव्या मजल्याच्या वर, म्हणजे ३८ मीटर, पान्हासाहेबांचा ठोकताळा खरा निघाला). दोनशे लिटरचं निळं पिंप अर्ध्या खुणेपर्यंत, म्हणजे शंभर लिटर, २ मिनिटं २५ सेकंदांत भरलं. अर्धं पाणी बाहेर उडू नये म्हणून तोंडाला गोणपाट बांधलं होतं, तरी तिघेही भिजलोच.

मुलाने गणित केलं. सेकंदाला ०.६९ लिटर, वेग २४ मीटर, धक्का १.७ किलो. नॉझलवरचा दाब उलटा काढला तर तीनच किलो येतो, वरचे पाऊण किलो त्या ३० मीटर नळीने गिळले.

मग नळी पोडियमवर सरळ पसरली, शेवटचे सहा-सात मीटर अगदी दोरीत, नॉझलला काटा अडकवला, काट्याचं दुसरं टोक पुढच्या खांबाला. व्हॉल्व्ह उघडला. धार सुसाट. काटा ढिम्म. दोनशे ग्रॅम, तीनशे, परत शून्य. नळी मागे सरकायचं नाव घेईना. वॉचमन म्हणाला, "साहेब, धक्का लागतच नाही याला." मग त्या दिवशी मला काय लागलं होतं?

उलटतपासणी
२६ एप्रिल, संध्याकाळी ५:०१

काटा बोलला! मास्तर?

वेगाची दिशा
२६ एप्रिल, रात्री ११:५५

फसलं नाही हो, उलट या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुमच्या वॉचमनने सांगितली. चूक माझी, नळी कशी ठेवायची ते मी सांगितलं नाही. संध्याकाळभर कागद घेऊन बसलो होतो.

नॉझल सुटं धरून त्याचा विचार करा. मागून नळीतलं पाणी त्याला पुढे रेटतंय. नॉझलच्या निमुळत्या भिंतीवर आतून दाब आहेच, जरा घटलेला असला तरी. म्हणजे फक्त नॉझलवर पाण्याचं जे बळ आहे ते पुढच्याच दिशेला आहे! ते पुढे उडून जात नाही कारण कपलिंगने (नळीच्या टोकाच्या धातूच्या जोडाने) नळीला धरून ठेवलंय. नळीचं कापड ताणात असतं. तुमच्या त्या मोठ्या पाइपात हा ताण पावणेदोनशे किलोच्या घरात असणार. कपलिंगवर पाइप आवळणारी तार नीट गुंडाळलेली नसेल तर कपलिंग पाइपातून निसटतं ते पुढे, मागे नाही.

मग मागचा धक्का कुठे गेला? तो नळीच्या पोटातून मागे जातो. आतलं दाबाखालचं पाणी आणि बाहेरचं ताणलेलं कापड यांची बेरीज केली तर अख्खी नळी ४४ किलोने टोकाकडून दाबलेल्या काठीसारखी वागते. काठी ताठ असेल तर दाब सरळ मागे हायड्रंटपर्यंत जाईल. पण नळी काठी नव्हे, लवचीक आहे. लवचीक वस्तू टोकाकडून दाबली की ती बाजूला वाकते. म्हणूनच मोकळी सुटलेली नळी सापासारखी वळवळते. तिला मागे जायचं नसतं, वाकायचं असतं.

तुमच्या रीलची नळी जाड, जमिनीवर सरळ पडलेली. भरल्यावर मीटरला पाऊण किलो तरी वजन असेल. जमिनीशी तिचं जे घर्षण होतं त्यातच १.७ किलो चार-पाच मीटरमध्ये विरून गेले. काट्यासाठी उरलं काय? शून्य.

आता त्या दिवशीचं. ब्रँच तुम्ही छातीशी धरलीत आणि पाइप तुमच्या पाठीमागे लगेच खाली जमिनीकडे वळला. तुमच्या मागे एक वळण तयार झालं, अगदी तुमच्याजवळ. सगळा रेटा त्या वळणात उतरला. काका म्हणतात ब्रँच खाली, कमरेशी धरा, कडं करून वर बसा, मागचा माणूस पाइप धरेल. ३१ वर्षांच्या अनुभवाने ते जे करत होते ते हेच, वळणाला आधार द्यायचा किंवा वळण होऊच द्यायचं नाही.

पुन्हा मोजायचं तर नळी वरून उभी लोंबकळती सोडा, टोकाला एल्बो (काटकोनी जोड) लावून नॉझल आडवं करा. आता वळण ठरलेल्या जागी आहे आणि ते जमिनीला टेकलेलं नाही. धक्का कुठे लपणार?

एक इशारा. मोठ्या पाइपला काटकोनात वळण असेल तर तिथे बाहेरच्या बाजूला साठेक किलोचा रेटा असतो. वळणाच्या बाहेर कोणी उभं राहू नये.

जुना ब्रँचमन
२७ एप्रिल, सकाळी ६:०५

मास्तर, हे कोणी आम्हाला असं सांगितलं नव्हतं. आमचे उस्ताद एवढंच म्हणायचे, "ब्रँचच्या मागे दहा फूट पाइप सरळ पाहिजे, तो तुझा तिसरा माणूस." का, ते आज कळलं.

अजून एक. कंपनीत मॉनिटर असतात, म्हणजे पाण्याच्या तोफा, मिनिटाला दोन हजार लिटर फेकणारे. ते जमिनीला बोल्टने आवळलेले असतात. तुमच्या हिशोबाने किती होतं?

वेगाची दिशा
२७ एप्रिल, सकाळी ७:४०

सात किलोवर सव्वाशे किलोच्या पुढे. बोल्ट पाहिजेतच.

घोडबंदरी
३ मे, दुपारी १:२०

टाकीचा दुसरा कप्पा आज साफ झाला. पर्गोलाच्या आडव्या पाइपवरून नळी खाली सोडली, प्लंबरने एल्बो आणि दोन क्लिपा लावून दिल्या (चहा आणि दोन वडापाव एवढ्यात). नॉझल पूर्वेला, काटा धारेच्या शेजारून पूर्वेच्याच खांबाला बांधलेला.

व्हॉल्व्ह उघडल्याबरोबर लोंबती नळी झोक्यासारखी पश्चिमेला गेली आणि दोरी ताठ झाली. काटा १.४ आणि १.६ च्या मध्ये थरथरत राहिला. मुलगा ओरडला, "बाबा, दीड!"

कागदावर १.७ आणि काट्यावर दीड. मला चालतंय.

वेगाची दिशा
३ मे, दुपारी २:०५

मलाही. दाबाने फुगलेली नळी ताठ होते, थोडा भार ती स्वतःच घेते. वर्गात दाखवायला तुमच्या मुलाने काढलेला व्हिडिओ मिळेल का?

उलटतपासणी
३ मे, दुपारी २:३०

मान्य. हवेचं ते विधान मागे घेतो. बिनशर्त.

खाडीपलीकडचा
३ मे, दुपारी २:३२

धाग्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा रे, असा दिवस परत येणार नाही.

पान्हा नंबर बारा
३ मे, रात्री ९:१५

उघडण्याचं सगळे बोलले, बंद करण्याचं कोणी बोललं नाही. तेही सावकाश. लोखंडी पाइपात सेकंदाला एक मीटरने जाणारं पाणी एकदम अडवलं तर बारा-तेरा किलो जादा दाबाचा ठोका बसतो, पाइप घणाने मारल्यासारखा वाजतो. रात्री पंप बंद होताना भिंतीत "ठक्" वाजतं ते हेच. एका सोसायटीत वॉचमनने फटकन व्हॉल्व्ह लावला आणि बेसमेंटमधल्या जुन्या फ्लँजचं गॅस्केट फुटलं. दोन गाड्यांत पाणी.

आणि जुलैचा फॉर्म बी येतोय. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, लायसन्सवाल्या एजन्सीने सिस्टीम चालू असल्याचं लिहून द्यायचं असतं. सही देण्याआधी त्यांच्याकडून पाइप खरंच सोडून घ्या. होज बॉक्स उघडून पितळी ब्रँच जागेवर आहे का तेही बघा. भंगारात तिला चांगला भाव येतो, बऱ्याच बॉक्समध्ये नुसती काच उरलेली असते.

घोडबंदरी
१० मे, सकाळी ११:४५

आजच दुसरा सराव झाला. काकांचं सगळं ऐकलं. १२ मिमीचं नॉझल आधी, ते जमल्यावर २० चं. ब्रँचवर मी, मागे ए विंगचे खजिनदार, वजन ९४ किलो, मुद्दाम निवडलेले. ब्रँच कमरेला, मागे बारा फूट पाइप दोरीत सरळ. वॉचमनने माझ्याकडे टक लावून अर्धा फेरा, थांब, अर्धा फेरा केलं. धार पार गेटपर्यंत गेली. पाय जागचे हलले नाहीत. खजिनदार म्हणाले, "एवढंच?"

तेवढ्यात मागे धाडकन आवाज.

पाइप हायड्रंटमधून निघाल्यावर जिथे काटकोनात वळतो तिथे माणसं उभी राहणार नाहीत याची आम्ही काळजी घेतली होती, खडूने रेघ मारली होती. पण वळणाच्या बाहेर सोसायटीची सिमेंटची मोठी कुंडी होती, तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. पाइप फुगला, वळण बाहेर सरकलं आणि कुंडी आडवी. दोन तुकडे.

कुंडीतली तुळस
१० मे, दुपारी १२:०२

कुंडीत काय होतं?

घोडबंदरी
१० मे, दुपारी १२:०४

ताई, विचारू नका.